शहरालगतचे गाव वाढते आहे : नळाचे पाणी आणि सांडपाणी यांचा आराखडा एकत्र करावा का?

पाणंद (धागा सुरू करणारे सदस्य)

सर्वांना नमस्कार. कोल्हापूर शहराच्या हद्दीला लागून असलेल्या करवीर तालुक्यातील एका गावच्या पाणीपुरवठा समितीवर मी गेली चार वर्षे काम करतो आहे. आमच्या गावासाठी नव्या नळपाणी योजनेचा आराखडा तयार होत असून तो लवकरच ग्रामसभेपुढे यायचा आहे. आराखडा दोनदा वाचून झाल्यावर मला काही प्रश्न पडले. ते केवळ आमच्या गावापुरते नाहीत असे वाटल्यामुळे येथे मांडतो आहे.

पहिला प्रश्न लोकसंख्येचा आहे. आराखड्यात 2011 च्या जनगणनेचा आकडा पाया म्हणून घेतला आहे आणि त्यावर मागील दशकांतील वाढीचा दर लावला आहे. त्यानंतर जनगणना झालेली नाही, हे मान्य; परंतु ज्या गावात याच काळात उसाच्या रानांचे प्लॉट पडले, शहरात भाडे परवडत नाही म्हणून कुटुंबे येऊन राहिली आणि जिथे पूर्वी खोपी होती तिथे तीन मजली इमारत उभी राहिली, त्या गावाची पुढील तीस वर्षांची तहान जुन्या वेगाने कशी मोजता येईल? आमच्याच घरफाळ्याच्या नोंदवहीत 2011 नंतर घरांची संख्या दुपटीच्या पुढे गेली आहे आणि त्यातली बहुतेक घरे नव्या वसाहतींत आहेत. आराखड्याच्या नकाशात मात्र त्या वसाहती पांढऱ्या, म्हणजे रिकाम्या दाखवल्या आहेत.

दुसरा प्रश्न सांडपाण्याचा. एवढ्या जाड आराखड्यात नळातून येणारे पाणी वापरल्यानंतर कुठे जाणार याविषयी एकही पान नाही. विचारले तेव्हा "ती योजना वेगळी, तिचा निधी वेगळा" असे उत्तर मिळाले. मागील महिन्यात जुन्या गावठाणात गळती काढण्यासाठी आम्ही एका बोळाच्या तोंडाशी खोदले. तिथे सात घरांच्या जोडण्यांचे लोखंडी पाइप उघड्या गटारातून आडवे गेलेले होते. जिथे गटाराचे पाणी पाइपाला लागत होते नेमका तेवढाच, हातभर लांबीचा भाग गंजून पापुद्रे सुटलेला होता आणि त्यातल्या दोन पाइपांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर तार आवळलेली होती. त्या दोन घरांत लहान मुले आहेत. पाणी आल्यावर पहिली पाच मिनिटे ते गढूळ असते, म्हणून ते सोडून द्यायचे, हे त्या घरांतील बायकांनी आपापसांत ठरवूनच टाकले होते.

तिसरा प्रश्न खर्चाचा, म्हणजे योजना उभारण्याच्या नव्हे तर ती चालवण्याच्या खर्चाचा. वीज बिल थकले की पुरवठा बंद, ही आमच्या भागातील नेहमीची गोष्ट आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


जुना_उपअभियंता

पाणंद, आपण विचारलेले तिन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. मी पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवले आहे, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

लोकसंख्येचा अंदाज करण्याच्या पद्धती अंकगणिती, भूमितीय आणि वृद्धीतील वाढ धरणारी अशा तीन-चार प्रकारच्या आहेत. स्थिर वाढणाऱ्या गावाला त्यांतली कोणतीही चालते. शहराच्या कडेच्या गावाला एकही पुरत नाही, कारण तिथली वाढ गावातल्या जन्मांवर अवलंबून नसून शहरातल्या जमिनीच्या भावावर अवलंबून असते. एक साधा हिशेब पाहा. आज 10,000 वस्तीचे गाव वर्षाला 3 टक्क्यांनी वाढले तर तीस वर्षांत ते 24,000 च्या पुढे जाते. तेच 5 टक्क्यांनी वाढले तर 43,000 च्या पुढे. दोन टक्क्यांच्या फरकाने योजना दुपटीच्या जवळ जाते. म्हणून अशा ठिकाणी वाढीचा दर शोधण्यापेक्षा जमीन मोजावी. मंजूर झालेले रेखांकन, बिगरशेती झालेले गट, गुंठेवारीने विकलेले तुकडे, मोकळे राहिलेले रान, हे सारे गाव नकाशावर रंगवावे आणि ते पूर्ण भरल्यावर किती घरे होतील ते काढावे. वीजजोडण्यांची संख्या, शिधापत्रिका आणि घरफाळा या तीन नोंदी जुळवल्या की आजची लोकसंख्याही बऱ्यापैकी हाती येते. आपल्याकडे ती नोंदवही आहेच. ती आराखडा करणाऱ्यांपुढे ठेवणे हा समितीचा अधिकार आहे.

आता दरडोई पाण्याविषयी. जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झाले, त्यात ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला 55 लिटर हे प्रमाण आहे. त्याआधी ते 40 लिटर होते. शहरांसाठीच्या केंद्रीय मार्गदर्शक नियमांत भुयारी गटार नसलेल्या ठिकाणी 70 लिटर आणि भुयारी गटार असलेल्या किंवा होऊ घातलेल्या ठिकाणी 135 लिटर धरतात. या दोन आकड्यांतील फरकाकडे नीट पाहिले तर आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. मैला वाहून नेण्यासाठी नळीत पुरेसे पाणी लागते. 55 लिटरवर रचलेल्या योजनेवर नंतर भुयारी गटार जोडले तर ते तुंबते, कारण सांडपाण्याचा वेग सेकंदाला 0.6 मीटरच्या खाली गेला की गाळ तळाशी बसू लागतो. कागदावर आपले गाव खेडे आहे, पण त्याचे राहणीमान शहराचे झालेले आहे.

पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येते. 10,000 वस्तीला 135 लिटरप्रमाणे रोज साडेतेरा लाख लिटर पाणी दिले, तर जवळपास 10 लाख 80 हजार लिटर सांडपाणी रोज गावातून बाहेर पडणार. ते आपण ठरवलेल्या वाटेने गेले नाही तर स्वतःची वाट काढून ओढ्याला मिळेल.

सगळे एकदम तीस वर्षांचे बांधण्याचीही गरज नाही. जमिनीत पुरल्या जाणाऱ्या मुख्य वाहिन्या तीस वर्षांच्या हिशेबाने घ्याव्यात, कारण रस्ता पुन्हा पुन्हा उकरता येत नाही. पंप आणि मोटारी मात्र पंधरा वर्षांच्याच घ्याव्यात. जॅकवेल (नदीचे पाणी उपसण्याची विहीर) आणि जलशुद्धीकरण केंद्राजवळ पुढच्या टप्प्यासाठी जागा मोकळी सोडावी. उंच टाक्यांचे तसेच आहे. गावभर एकच मोठी टाकी बांधण्यापेक्षा चढ-उतार पाहून दोन किंवा तीन विभाग करावेत आणि नव्या वसाहतींसाठीच्या टाकीची जागा आजच ग्रामपंचायतीच्या नावावर करून ठेवावी. जागा राखली नाही, तर पैसे आले तरी टाकी उभी राहत नाही. हे मी माझ्या नोकरीत इतक्या वेळा पाहिले आहे की आता नवीन आराखडा हाती आला की मी आकडे नंतर पाहतो आणि सातबारा आधी मागतो.


चावी_माझ्या_हाती

मी आमच्या गावात पाणी सोडण्याचे काम करतो. साहेबांनी वरचे सांगितले, मी जमिनीवरचे सांगतो.

आमच्याकडे दिवसाआड दीड तास पाणी असते. पाणी सुटले की निम्म्या घरांतून नळाला थेट मोटार लागते. वाहिनीत दाब उरत नाही आणि शेवटच्या गल्लीत करंगळीएवढी धार येते. व्हॉल्व्ह बंद केला की वाहिनी रिकामी होऊ लागते आणि तिच्यात आतल्या बाजूने ओढ निर्माण होते. अशा वेळी पाणंद यांनी लिहिले तसा गंजका पाइप गटारात बुडालेला असेल, तर तो गटाराचे पाणी आत ओढून घेतो. ते पुढच्या फेरीत कोणाच्या तरी घागरीत उतरते. लोक मला विचारतात की टाकीतले पाणी स्वच्छ असताना नळाला वास का येतो. त्याचे कारण हे आहे.

आराखड्यात तीन गोष्टी नक्की मागा. प्रत्येक विभागाच्या तोंडाशी एक मोठा मीटर असावा, म्हणजे किती पाणी गेले आणि किती मुरले ते कळते. घरजोडणीचा पाइप गटाराच्या खालून किंवा आतून न नेता वरून, बाहेरच्या नळीत घालून न्यावा. आणि लोखंडी पाइपाऐवजी चांगल्या प्रतीचा काळा प्लास्टिकचा पाइप अखंड, मध्ये सांधा न देता वापरावा. योजनेतील मोठी कामे सगळे पाहतात, पण पाणी बिघडते ते फेरूलपासून (मुख्य वाहिनीवर घरजोडणी जिथे बसते तिथून) उंबऱ्यापर्यंतच्या शेवटच्या वीस फुटांत.


आरोग्य_उपकेंद्र

वरील प्रतिसाद वाचून राहवले नाही. मी आरोग्यसेविका आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आमची सर्वाधिक धावपळ होते ती पाण्याच्या नमुन्यांसाठी.

2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, तेव्हा मी नुकतीच सेवेत आले होते. दूषित पाण्यातून पसरणारी ती कावीळ होती आणि गर्भवती स्त्रियांना तिचा धोका फार असतो. त्या उन्हाळ्यानंतर मी कोणत्याही घरात गेले की आधी पाण्याचा माठ कुठे ठेवला आहे आणि घराचे गटार कुठे उघडते ते पाहते.

क्लोरीनविषयी थोडे सांगते. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन मिळाला पाहिजे. 1,000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हे प्रमाण बहुतेक ग्रामपंचायतींना माहीत असते, परंतु त्या पावडरमध्ये क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असेल तरच ते लागू पडते. पोते फोडून ओलसर खोलीत ठेवले की काही आठवड्यांत तिचा जोर उतरतो. मग प्रमाण बरोबर असूनही ओटी चाचणीच्या, म्हणजे उरलेला क्लोरीन तपासण्याच्या नळीत पिवळा रंग येत नाही. ओटी चाचणी टाकीजवळच्या नळावर न करता गल्लीतल्या शेवटच्या घरात करावी, आणि पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत करावी. माझा अनुभव असा की जिथे गळती आणि गटार शेजारी असतात तिथे टाकीत कितीही पावडर टाकली तरी शेवटच्या घरी क्लोरीन शून्य मिळतो, कारण वाटेत आत आलेली घाण तो संपवून टाकते.

विहिरींच्या पाण्यात नायट्रेटही पाहा. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. भोवती उसाला दिलेले खत आणि आत शोषखड्डे अशा दोन्ही बाजूंनी ते वाढते. क्लोरीनने किंवा उकळून ते जात नाही.


गुंठेवारीतला

मी त्याच पांढऱ्या दाखवलेल्या वसाहतींपैकी एका वसाहतीत राहतो, असे समजा. आम्ही प्लॉट घेतले तेव्हा विकणाऱ्याने रस्ता, पाणी, गटार सर्व होणार असे सांगितले होते. रस्ता मुरमाचा आहे, पाणी बोअरचे आहे आणि गटार नाही. प्रत्येकाने घराखाली सेप्टिक टाकी आणि बाजूला शोषखड्डा केला. आमच्या भागातील जमीन काळी आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, तेव्हा खड्डा पाणी पितो. जूनमध्ये ती फुगते आणि एक थेंबही मुरत नाही. मग टाकीचे वरचे पाणी रस्त्याकडेच्या चरात सोडण्याशिवाय मार्ग उरत नाही. आम्ही हे लपवून ठेवत नाही आणि आम्हाला त्याची लाजही वाटते, पण पर्याय कोणी देत नाही.

आमच्यावर असा आरोप होतो की वसाहतवाल्यांना गावचे पाणी हवे पण पट्टी नको. हे खरे नाही. टँकरसाठी आणि बोअरच्या विजेसाठी आम्ही महिन्याला जे मोजतो, ते ग्रामपंचायतीच्या वर्षाच्या पाणीपट्टीहून अधिक होते. मीटर बसवा, नियमाने जोडणी द्या, आम्ही पैसे भरू. परंतु आराखड्यात आम्हाला लोकसंख्या म्हणून तरी धरा.

एक प्रश्न आहे. संपूर्ण गावाला भुयारी गटार हाच यावर उपाय नाही का?


जुना_उपअभियंता

गुंठेवारीतला, आपण मांडलेली व्यथा अगदी योग्य आहे आणि पाणंद यांनी ती ग्रामसभेत शब्दशः वाचून दाखवावी असे मला वाटते. परंतु सर्वत्र भुयारी गटार या मागणीशी मी सहमत नाही.

जुन्या गावठाणात घराला घर लागून आहे, परसात खड्ड्याला जागा नाही आणि बोळ चार फुटांचे आहेत. तिथे बंद नळीचे गटार हवेच. उथळ खोलीवर, 150 मिलिमीटर व्यासाची नळी आणि थोड्या थोड्या अंतरावर छोटे चेंबर एवढ्यावर ते काम होते. जिथे अवजड वाहने जात नाहीत तिथे नळी दोन मीटर खोल पुरण्याचे कारण नाही. याउलट विखुरलेल्या वसाहतीत अजून निम्मे प्लॉट मोकळे आहेत. तिथे आज भुयारी गटार टाकले तर त्यातून इतके थोडे पाणी वाहील की ते साचून राहील, आणि मैलोगणती नळीचा खर्च मोजक्या घरांवर पडेल. तिथे सेप्टिक टाकी चालू शकते, मात्र तीन अटींवर. टाकीला मध्ये आडभिंत असावी, ती दर दोन-तीन वर्षांनी उपसली जावी आणि तिचे वरचे पाणी चरात न सोडता छोट्या व्यासाच्या नळीने एकत्र करून प्रक्रियेच्या जागी न्यावे. गाळ आधीच टाकीत बसलेला असल्यामुळे या नळीला तेवढा उतारही लागत नाही. पुढे वसाहत भरली की त्याच मार्गाने मोठी नळी टाकता येते, म्हणून रस्त्याची एक कड तिच्यासाठी आजच राखून ठेवावी.

टाकी उपसण्याविषयी लोकांचा एक समज फार घट्ट आहे. टाकी भरून वर आल्याशिवाय उपसायची नाही, आणि पंचवीस वर्षे उपसावी लागली नाही तर ती टाकी उत्तम बांधली, असे मानले जाते. प्रत्यक्षात इतकी वर्षे न भरणारी टाकी खालून गळत असते. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी गावातल्या सर्व टाक्या साधारण तीन वर्षांच्या फेरीत वेळापत्रकाने उपसण्याची पद्धत सुरू केली. घरमालकाने फोन करण्याची वाट पाहायची नाही. गाडी गल्लीनिहाय येते आणि खर्च स्वच्छता करातून भागतो. वाईला त्या गाळावर प्रक्रिया करणारे छोटे केंद्रही आहे. आपल्याकडे मैल्याची गाडी बोलावली की ती टाकी रिकामी करून जाते, पण ती कुठे रिकामी होते हे कोणी विचारत नाही. तालुक्यातील आठ-दहा गावांनी मिळून असे एक केंद्र उभारणे अवघड नाही. एकट्या गावाला ते परवडणार नाही.


शिरोळकर

गाडी कुठे रिकामी होते याचे उत्तर आम्ही देऊ शकतो, कारण आम्ही खाली राहतो.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा निघते, कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या कडेने येते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या वाटेत तिला जे मिळते ते सर्व शिरोळ तालुक्याच्या वाट्याला येते. उन्हाळ्यात बंधाऱ्यांत पाणी अडलेले असते, तेव्हा नदी वाहत नाही, ती साचते. वर जलपर्णी, खाली काळे पाणी आणि पहिल्या वळवाच्या पावसानंतर काठाला लागलेले मेलेले मासे, हे दृश्य आमच्या मुलांना नवीन नाही. नदीचे पाणी शेतीला घेताना पंपाच्या फूटव्हॉल्व्हपाशी येणारा वास मला झोपेतही ओळखता येईल.

शहराच्या सांडपाण्यावर कसबा बावडा आणि दुधाळी येथे प्रक्रिया केंद्रे झाली. ती पूर्ण क्षमतेने आणि अखंड चालावीत ही मागणी आम्ही करत आलो आहोत. परंतु शहराभोवतीच्या वाढलेल्या गावांचे सांडपाणी कोणत्याच केंद्राकडे जात नाही. ती गावे मोजणीत खेडी म्हणून येतात आणि त्यांचे ओढे थेट नदीला मिळतात. म्हणून या धाग्यावर तुम्ही जे ठरवाल त्याकडे आम्ही आशेने पाहत आहोत. पाणी आणि सांडपाणी एकाच आराखड्यात घेणारे एक जरी गाव वरच्या बाजूला उभे राहिले, तरी आम्हाला बाकीच्यांना दाखवता येईल.


करवीर_रहिवासी

माझे मत थोडे वेगळे आहे. शहराच्या हद्दवाढीचा विषय अनेक वर्षे प्रलंबित आहे. 2017 मध्ये शहर आणि भोवतालच्या 42 गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. उद्या ही गावे महापालिकेत गेली किंवा प्राधिकरणाने एकत्रित योजना केली, तर गावाने स्वतंत्रपणे केलेला खर्च वाया जाईल. अशा वेळी थोडे थांबणे शहाणपणाचे नाही का?


जुना_उपअभियंता

थांबणे शहाणपणाचे नाही. गाव शहरात गेले तरी त्याचा उतार बदलत नाही. पाणी ज्या बाजूला वाहते त्याच बाजूला वाहत राहणार, आणि आज राखलेली प्रक्रियेची जागा, टाकीची जागा, नळीची वाट उद्या ज्या संस्थेच्या हाती कारभार जाईल तिच्याही उपयोगी पडणार. वाया जाते ते नकाशा न करता टाकलेले काम.

शहराचाच इतिहास पाहावा. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरसाठी कळंबा तलाव बांधला गेला आणि त्या काळच्या वस्तीला तो पुरेसा होता. शहर वाढले तसे बालिंगा, शिंगणापूर येथून नदीचे पाणी उपसावे लागले. नदी बिघडली आणि मागणी वाढली, तेव्हा थेट काळम्मावाडी धरणापासून 50 किलोमीटरहून अधिक लांबीची वाहिनी टाकण्यात आली आणि 2023 च्या दिवाळीच्या सुमारास ते पाणी पुईखडीला पोहोचले. प्रत्येक वेळी आपण स्वच्छ पाण्यासाठी अधिक वर, अधिक दूर गेलो, कारण जवळचे पाणी आपल्याच सांडपाण्याने निकामी केले होते. गावांना एवढी लांब वाहिनी परवडणार नाही. त्यांना जवळचा स्रोतच जपावा लागेल.

आणि पुराचे विसरू नका. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोका पातळी आहे, 2019 आणि 2021 या दोन्ही पुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेले. उपसा केंद्रे बुडाली आणि चहूकडे पाणी असताना लोक टँकरपुढे रांगा लावून उभे होते. नदीकाठी जॅकवेल असेल तर मोटारी, विजेचे फलक आणि रोहित्र 2021 च्या पूररेषेच्या वर हवेत. जुन्या आराखड्यांतील पूरपातळीचे आकडे त्याआधीचे असू शकतात, ते तपासून घ्यावेत. हाच नियम प्रक्रियेच्या जागेला लागू आहे. ओढ्याकाठची सखल जमीन स्वस्त आणि उताराला सोयीची असते, पण पुरात प्रक्रिया केंद्र बुडाले तर साठलेला सगळा गाळ एका रात्रीत नदीत जातो.


कराडवासी

खर्चाच्या प्रश्नावर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आमच्या कराडशेजारच्या मलकापूरचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. शाहूवाडीतील मलकापूर नव्हे. हेही महामार्गालगतचे, कराडच्या आधाराने वाढलेले गाव. 2008 मध्ये तिथे नगरपंचायत झाली आणि त्याच सुमारास महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या योजनेतून चोवीस तास पाणी सुरू झाले. प्रत्येक जोडणीला मीटर बसले आणि दर टप्प्याटप्प्याने वाढणारा ठेवला: गरजेपुरते वापरणाऱ्याला पाणी स्वस्त आणि अधिक वापरणाऱ्याला महाग. चोवीस तास पाणी दिले तर लोक वाट्टेल तसे सांडतील अशी भीती सर्वांनाच होती. झाले उलटे. पाणी नेहमी आहे म्हटल्यावर साठवण थांबली, शिळे म्हणून ओतून देणे थांबले आणि नळाला मोटार लावण्याचे कारणच उरले नाही. वाहिनीत सतत दाब असल्यामुळे वर चावी_माझ्या_हाती यांनी सांगितलेली गटाराचे पाणी आत ओढण्याची भानगडही राहत नाही.

विजेचा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडा. रोज 10 लाख लिटर पाणी 60 मीटर वर चढवायचे तर 60 टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला सुमारे 270 युनिट लागतात, म्हणजे महिन्याला 8,000 च्या वर. पंप जुना होऊन कार्यक्षमता 45 वर आली तर तेवढ्याच पाण्याला 360 युनिट. निम्मे पाणी गळत असेल तर यातले निम्मे पैसे जमिनीत मुरतात. हा आकडा घरांच्या संख्येने भागून दाखवला की पाणीपट्टी का वाढवायची हे समजावून सांगण्याचे काम निम्मे होते.


आरोग्य_उपकेंद्र

निधीबाबत एक जोड देते. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ग्रामपंचायतींसाठी 60 टक्के रक्कम बंधित होती. त्यातली निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. म्हणजे दोन्ही कामांचा पैसा एकाच पंचायतीच्या खात्यात येत होता, त्यांचे आराखडे मात्र दोन कपाटांत राहिले. आमच्या गावात तर पाण्याच्या पैशातून पेव्हर ब्लॉकचा रस्ता आधी उकरला आणि चार महिन्यांनी स्वच्छतेच्या पैशातून तोच रस्ता गटारासाठी पुन्हा उकरला. त्या दुसऱ्या खोदाईत नवी नळवाहिनी तीन ठिकाणी फुटली. दुरुस्ती होईपर्यंत त्या गल्लीत जुलाबाचे अकरा रुग्ण मी स्वतः पाहिले. दोन्ही कामे एका वेळी, पाण्याची वाहिनी रस्त्याच्या एका बाजूला आणि वर, गटाराची दुसऱ्या बाजूला आणि खाली, एवढे जरी पाळले असते तरी ते टळले असते.


पाणंद

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आपण दिलेल्या माहितीच्या आधारे मी समितीच्या बैठकीत एक टिपण मांडले आणि ते सदस्यांनी स्वीकारले. ग्रामसभेपुढे आम्ही चार ठराव ठेवणार आहोत. आराखड्यातील लोकसंख्या घरफाळा, वीजजोडणी आणि मंजूर रेखांकनांवरून पुन्हा काढावी. मुख्य वाहिन्या 135 लिटरच्या हिशेबाने घ्याव्यात, पंप मात्र आजच्या गरजेपुरते असावेत. गावठाणातील सर्व घरजोडण्या गटारातून बाहेर काढून नव्याने द्याव्यात, आणि हे काम योजनेच्या शेवटी न ठेवता सुरुवातीला करावे. आणि सांडपाण्याच्या प्रक्रियेसाठी पूररेषेच्या वरची जागा याच ग्रामसभेत निश्चित करावी.

चौथ्या ठरावावर विरोध होईल. उताराच्या बाजूला ग्रामपंचायतीच्या ताब्यात एकच गायरानाचा तुकडा उरला आहे आणि त्यावर काही जणांना सांस्कृतिक भवन हवे आहे. बैठकीतच एका ज्येष्ठ सदस्यांनी "घाणीसाठी गायरान द्यायचे का?" असे विचारले. मी त्यांना घेऊन त्या बोळाच्या तोंडाशी गेलो आणि अजून उघडाच असलेला खड्डा दाखवला. ते बराच वेळ वाकून त्या पाइपांकडे पाहत राहिले. नंतर त्यांनी एवढेच विचारले की शेवटचे घर कोणाचे आहे. ते त्यांच्या पुतण्याचे निघाले.

जुना_उपअभियंता सर, एक विनंती आहे. रविवारी सकाळी सात वाजता आम्ही गावठाणापासून ओढ्यापर्यंत उताराची वाट पायी पाहणार आहोत. समितीकडे पातळी मोजण्याचे उपकरण नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढण्याचा जुना गवंडी प्रकार आम्हाला येतो. आपल्याला शक्य असेल तर यावे. गुंठेवारीतला यांनीही वसाहतीतील दोन-तीन जणांसह यावे, म्हणजे पांढऱ्या भागात कुठे किती घरे आहेत ते नकाशावर त्याच दिवशी भरून घेता येईल.


जुना_उपअभियंता

येतो. माझ्याकडे जुने डंपी लेव्हल आहे, मोजपट्टी तुमच्याकडे नसेल तर तीही आणतो. गावाचा गट नकाशा मोठ्या आकारात छापून घ्या, आणि 2021 च्या पुरात पाणी कुठपर्यंत आले होते ते माहीत असलेला एखादा जुना माणूस बरोबर असू द्या. ज्या भिंतींवर अजून ओलीची रेघ दिसते तिथून मोजायला सुरुवात करू.


गुंठेवारीतला

आम्ही चौघे जण येतो.